टीकसाहेबाचा जन्म

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या बऱ्याच गोष्टी न सांगता ओळखायची. खून केला नाही, अफरातफर केली नाही — क्षुद्र गोष्ट आहे. पण क्षुद्र गोष्टच तोंडातून निघायला इतकी जड का जाते?

पन्नासच्या दशकात मी सिंदेवाहीला इंग्रजीचा मास्तर होतो. नागपूरला बी. ए. झालेला, आणि ते घटकाभरही न विसरणारा. तिथली माणसं मला अडाणी वाटत. त्यांचं ‘का’ला ‘काऊन’ आणि ‘कुठे’ला ‘कुठी’ म्हणणं ऐकलं की माझ्या कपाळावर आठी चढे. तरी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी वाचनालयाच्या ओट्यावर जाऊन बसायचो, कारण तिथे लोक मला इंग्रजीतल्या शंका विचारायला येत. मास्तरला रिकाम्या हाताने विचारायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती. कोणी मूठभर चारोळी आणी, कोणी तेंदूची पिकली टेंभरं. मग शंका. मंगळवाराला ट्यूजडे का म्हणतात? औषध देतो तोही डॉक्टर आणि नुसती मोठी पदवी घेतो तोही डॉक्टर, हे कसं?

मला काय ठाऊक? मला इंग्रजी शब्द वापरायला शिकवले होते, ते आले कुठून हे कोणी शिकवलं नव्हतं. पण ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं — आणि या लोकांपुढे? मी ठोकून द्यायचो. कुठला तरी राजा, कुठली तरी लढाई, जमलं तर एखादी राणी. लोक माना डोलवत घरी जात आणि मी चारोळी खात मनात म्हणे, काय ही माणसं! काहीही गिळतात.

कवडू त्यांच्यातलाच. जंगलाकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा गुरुजी, घरची थोडी धानाची शेती. सायकलवर येई, आणि बाकीचे शंका विचारून विसरत तसा हा विसरत नसे. एकदा त्याने विचारलं, सागवानाला इंग्रज ‘टीक’ का म्हणतात. मी म्हणालो, टीक नावाचा एक गोरा साहेब होता, त्याने आपल्या जंगलात पहिलं सागवान तोडलं, त्याचंच नाव झाडाला पडलं. सांगताना मला हसू आवरत नव्हतं. कवडूला मात्र ते फार आवडलं. त्याने ते शाळेतल्या पोरांना शिकवलं. एवढ्यावर थांबला नाही — त्या वर्षी त्याच्या गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या नाचगाण्याच्या खेळात, टोपी घालून, कुऱ्हाड घेऊन टीकसाहेब आला. मला मानाने पुढे बसवलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, मास्तर खूश आहेत.

मग आमच्या शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायची जागा निघाली, आणि कवडूने अर्ज केला. त्याच्यासाठी ते केवढं होतं, मला माहीत होतं. त्याची बायको आजारी असायची, खेड्यात दवाखाना नव्हता, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद. सिंदेवाहीला बिऱ्हाड करता आलं असतं. आणि त्याचं इंग्रजी — खरं सांगतो — त्या कामाला पुरून उरेल इतकं होतं.

पण आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. मी तो कधी उघडत नसे. कवडू मात्र पहिल्याच दिवशी उघडणार होता. रोज उघडणार होता. माझे राजे, माझ्या राण्या — एकेक करून सगळे उताणे पडणार होते, आणि ओट्यावर बसून लोक हसणार होते, कोणाला? मला. ज्यांना मी अडाणी म्हणत आलो, ते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी तो कोश प्रथम उघडला. टीक हा शब्द इंग्रजांनी आपल्याच दक्षिणेकडच्या भाषांतून उचललेला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते नीट वाचलं. दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत घ्यायला नागपूरहून आलेले शिक्षण खात्याचे साहेब मधे बसले, हेडमास्तर एका बाजूला, मी दुसऱ्या. साहेबांच्या प्रश्नांना कवडूने जपून, पण बरोबर उत्तरं दिली. ते समाधानी दिसले. मग मी म्हणालो, एक गमतीचा प्रश्न विचारतो. आणि मी त्याला विचारलं — टीक हा शब्द कुठून आला?

त्याचा चेहरा उजळला. त्याने सगळं सांगितलं, टीकसाहेब, कुऱ्हाड, पहिलं झाड. नागपूरचे साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. तो बाहेर गेल्यावर मी खरी व्युत्पत्ती सांगितली, आणि वर म्हणालो, अशी माणसं पोरांना काय काय शिकवत असतील, विचार करा. साहेबांनी त्याच्या नावावर काट मारली. माझ्या वाचनाचं त्यांनी कौतुक केलं. मला ते कौतुक आवडलं, हेही सांगून टाकतो.

मी बाहेर आलो तर कवडू व्हरांड्यात थांबलेला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “भाऊ, मी तं घाबरूनच गेलतो. तुमी मले येत होता तोच सवाल इचारला. साहेब खूश होऊन हासले नं?”

“हो,” मी म्हणालो. “खूश झाले.”

“तुमचे उपकार हायेत,” तो म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला.

मी पाय मागे घेतले नाहीत.