माशाचं नाक, एक नग

मुलांनो, परवा मत्स्यालयात काचेआड करवतमासा पाहिल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत, म्हणून हे आजच लिहून ठेवते. चंदीगडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी त्या माशावर जितकं प्रेम केलं, तितकं समुद्रातल्या दुसऱ्या करवतमाशानेही केलं नसेल.

गृहस्थ रत्नागिरीकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. ऑफिसात पेन्शनच्या फायली आणि घरात मुशी नि पाकट, म्हणजे छोटे शार्क आणि त्यांचे चपटे भाऊबंद. गावोगावच्या कोळ्यांना पोस्टकार्डं पाठवून कुठल्या बंदरात काय सापडलं ते विचारायचं आणि भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचायच्या. पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस ते; कर्फ्यू दोन तास उठला की आम्ही दुधासाठी धावत असू, हे टपालपेटीकडे. एकदा हवाई दलातल्या एका मराठी कुटुंबाने मुंबईहून बर्फात घालून मुशी आणली. "मुशी वाढायला वर्षं लागतात, मग कुठे चार पिल्लं होतात, आणि तुम्ही तिचा रस्सा करता!" असं अर्धा तास सगळ्यांना सुनावून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, थोडा अजून वाढा."

त्यांची खरी दौलत म्हणजे करवतमाशाचं हातभर लांब, दोन्ही कडांना दात असलेलं नाक. त्यांच्या आजोबांच्या जाळ्यात आलेलं. "आमच्या खाडीत हा मासा होता, याचा एवढाच पुरावा उरलाय," म्हणत. मोहालीच्या एका शाळेत दाखवायला ते चादरीत गुंडाळून आमच्या गाडीतून निघाले. चेकपोस्टवर हवालदाराने चादर सोडली आणि दोन पावलं मागे सरला.

"ये कौनसा हथियार है जी?"

"हथियार नहीं, नाक है. मछली की."

"मज़ाक मत करो, बाबूजी. आरी है ना?"

"शोभेची करवत आहे म्हणा, सोडतील," तुमचे आजोबा कुजबुजले.

"आरी कैसे बोलूँ? और ये शार्क भी नहीं, पाकट के खानदान का है. इसके गलफड़े नीचे होते हैं, यहाँ!" म्हणत त्यांनी स्वतःच्या शर्टावर कल्ल्यांची जागा दाखवली. हवालदाराने ती गंभीरपणे पाहिली आणि म्हणाला, "जमा होगा."

त्या दिवसांत बंदुकीसमोर वाद कोण घालणार? शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, "रसीद में आरी मत लिखना. और हमारी खाडी का नाम लिखो." हवालदाराने लिहिलं, 'मछली की नाक, एक अदद', आणि खाली अक्षर अक्षर विचारून खाडीचं नाव.

पुढे ते दर सोमवारी चौकीत जात. "आओ जी, नाकवाले बाबूजी!" म्हणून चहा मिळे, नाक मिळत नसे. मग तो हवालदार बदलून गेला, चौकीही हलली, आणि नाक कुठे गेलं ते कुणालाच सांगता येईना. निवृत्त होऊन गावी गेल्यावर त्यांनी ती पावती मला टपालाने पाठवली. सोबत एक ओळ: "इथली नवी माणसं म्हणतात, असा मासा आपल्या खाडीत नव्हताच. वहिनी, तुमच्याकडे वस्तू हरवत नाहीत."

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या खाडीत करवतमासा पुन्हा कुणाला दिसल्याचं मी ऐकलं नाही. पावती माझ्या कपाटात, दुसऱ्या खणात आहे. शाई फिकी झालीय, पण खाडीचं नाव वाचता येतं.