पत्र्याला विचारलं का?

तेव्हा शेडमध्ये आम्ही पाचच जणं होतो. आमचा मालक, इथंच अमेरिकेत जन्मलेला मराठी मुलगा. भट्टीवरची रोझा. टेस्टिंगला नागपूरची श्वेता. कात्रीवर मी. आणि काका. काका माझ्याहून वर्षभरानं लहानच, पण इथं पिकल्या केसांचा पुरुष दिसला की काका आणि बाई दिसली की मावशी, त्याला इलाज नाही.

शुगर लँडच्या बाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या आतला गाभा बनवायचं आमचं काम. पातळ पत्रे कापायचे, भट्टीत तापवायचे, एकावर एक रचायचे. काका सकाळी आले की डोळे मिटून नव्या पत्र्यावर अंगठ्याचं नख हलकेच ओढायचे. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, बाळाची पाठ चोळतायत. मग माझ्यापाशी यायचे.

"मावशी, पत्र्याला विचारलं का?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, हे गृहस्थ जरा हललेत.

"काय विचारू?"

"तोंड कुणीकडं आहे ते."

मग समजावलं. कारखान्यात पत्रा एकाच दिशेनं लाटतात, नंतर खूप तापवतात. त्यानं आतले लोखंडाचे दाणे सगळे एका बाजूला तोंड करून बसतात. त्या बाजूनं चुंबकाचा जोर सरळ धावतो. आडवं कापलं तर अडखळतो, गाभा तापतो, घुमतो.

मी मुलुंडला तीस वर्षं ब्लाउज शिवले होते. म्हटलं, "म्हणजे उभा धागा, आडवा धागा."

काका इतके खूश झाले! "श्वेता, इंजिनियरिंगची चार वर्षं तू काय केलंस गं?"

कापताना पत्र्याच्या कडा दुखावतात म्हणे. म्हणून तो पुन्हा भट्टीत, आणि मग सावकाश निवायचं. रोझानं घाई केली की काका ओरडायचे, "स्लो! स्लो!" पत्र्याला अख्खा दिवस आराम. आम्हाला लंचला वीस मिनिटं. एकदा माझं बोट कापलं, तर म्हणाले, "रक्त पत्र्यावर सांडू नका." मग स्वतःच पट्टी बांधली, आणि वर म्हणाले, "बघा, उभ्या धाग्यात."

सगळ्यांचं काम ते तपासायचे. माझं कधी नाही. "मावशीला कळतं," म्हणायचे.

त्या आठवड्यात ऑर्डर शुक्रवारी जायची होती आणि पत्र्याचा नवा रोल यायचा होता सोमवारी. होता तो रोल काकांनीच नख लावून निवडलेला. शेवटी साठ तुकडे कमी पडले. उरलेल्या पत्र्यातून उभे निघत नव्हते, आडवे निघत होते. ब्लाउजच्या आतल्या पट्टीला आडवं कापड चालतं, कोण बघतं? मी कापले आणि ढिगाच्या मधोमध घातले.

मालकानं कचऱ्याचा डबा रिकामा पाहिला. "मावशी, यू आर अ जीनियस! एव्हरीबडी, लर्न फ्रॉम मावशी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सगळ्यात जोरात.

टेस्टिंगला तो गाभा घुमायला लागला.

"काका, लॉस खूप येतोय यार, वीज नुसती वाया जातेय," श्वेता म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "पत्रा मी निवडलाय. खोलून बघू या."

"नो टाइम, काका. स्क्रॅप इट," मालक म्हणाला.

आमचे हे तेव्हा डायलिसिसवर होते. इन्शुरन्स माझ्या नोकरीचा. मी तोंड उघडलं नाही. माझा कुणाला संशयही आला नाही, मी तर जीनियस.

महिनाभरात काकांनी काम सोडलं. कुणी काढलं नाही. शेवटच्या दिवशी माझ्यापाशी आले, पत्र्याला विचारलं का ते विचारलं नाही. आपल्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "मावशी, आता बोटाला कळत नाही हो." मी कात्री चालवत राहिले. काका मुलीकडं प्लेनोला गेले. फोन नंबर मी मागितला नाही.

हे गेले, दोन वर्षं झाली. आता इन्शुरन्सची भीती नाही.

तुमच्यापैकी कुणी प्लेनोला राहत असेल, आणि एखादे काका दुकानातल्या स्टीलच्या भांड्यावर डोळे मिटून नख ओढताना दिसले, तर त्यांना एवढंच सांगा. पत्रा चांगला होता. बोट बरोबर होतं. मधले साठ तुकडे मावशीनं आडवे कापले.