घशातली कुईकुई

माझी थोरली तान्ही असताना श्वास आत घेताना कुईकुई असा आवाज काढायची. दूध पिताना तो वाढायचा, रडली की आणखीच. एरवी पोर छान होती, अंग धरत होती, हसत होती. पण आमच्या तंजावरच्या घरात तिच्याकडे कुणी बघायचंच नाही, सगळे नुसते कान लावून बसायचे.

सासूबाई म्हणाल्या, "छातीत सळी साचलीय. बाळंतपणात ताक प्यालीस, दुसरं काय!" सळी म्हणजे कफ. मग जिभेवर उगाळलेलं वेखंड, छातीला तेल आणि न्हाऊ घातल्यावर खोलीभर सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर. त्या धुरानं मीच खोकत बसायचे. शेजारच्या मामी म्हणाल्या, दृष्ट लागली. घरात नुकताच फोन बसवला होता. मद्रासच्या नणंदेनं रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरायला लावला आणि तिथूनच दमा ठरवून टाकला! नवरा पेपराआडून म्हणे, "मोठ्यांचं ऐक."

पहिल्या डॉक्टरांनी तपासायच्या आधीच खोकल्याचं औषध लिहिलं.

"पण तिला खोकला नाहीये हो."

"येईल," ते म्हणाले.

शेवटी कुणाला न विचारता मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं, मग पोरीला हातावर पालथं घेतलं. आवाज निम्मा झाला.

"स्वरयंत्राच्या वरचा भाग अजून मऊ आहे. श्वास घेताना तो आत ओढला जातो, म्हणून आवाज. बहुतेक मुलांचा वाढत्या वयात आपोआप जातो."

"औषध?"

"नको. पाजताना जरा उभी धरा. ओठ निळे पडले, धाप लागली, दूध घेईना किंवा वजन वाढेना, तर मात्र लगेच आणा."

घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "औषध देत नाही ती कसली डॉक्टर?" आणि पुन्हा निखारे फुलवायला बसल्या. माझं डोकंच फिरलं. ते धुपाटणं उचललं, परसात नेलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. "या खोलीत आजपासून धूर नाही!" त्या घरात माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता. सासूबाईंनी बरेच दिवस अबोला धरला. मला तेवढीच विश्रांती.

पोर चालायला लागली तोवर आवाज गेला होता. नेमका कधी, कुणालाच कळलं नाही. पण पाळणा इतका शांत झाला की मलाच धास्ती वाटायची. मी तिच्या छातीवर हात ठेवून बघायचे आणि ती दचकून भोकाड पसरायची.

"झोपलेल्या पोरीला कशाला उठवलंस?" नवरा वैतागायचा.

आता याला काय सांगणार!