कुरीहट्टीजवळ, झुडपात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी महानंदा बिराजदार बाईंचं नाव सांगतो. बार्शीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बाकीची मुलं त्यांना मॅडम म्हणायची. मी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या शाळेतून आलेलो, माझ्या तोंडात बाईच बसलं होतं आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या कारकुनाने दाखला मागितला. कागद सापडेना, तेव्हा मी घाबरून "तडीरी" (थांबा) असं कानडीत बोलून गेलो. रांगेतली मुलं हसली. मागून जाणाऱ्या बाई थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "एल्लिंद बंदी?" (कुठून आलास?) आमच्या घरात सगळे कानडीच बोलतात. तरी मी मराठीत उत्तर दिलं, "सोलापूर." माझा फॉर्म बाईंनी भरला, पुढे तीन वर्षं पुस्तकंही त्यांनीच दिली. माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. आज मी अकलूजला एका शाळेत विज्ञान शिकवतो.

हा प्रवास बाईंच्या एका फुलासाठी होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांना बार्शीच्या पूर्वेला, बालाघाटच्या डोंगरात, कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात मिळाली होती. ती सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, वाढते, इकडे कोरड्या डोंगरात कोणी पाहिलेली नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना बाईंनी त्यांच्या जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या संगणकावर उतरवायचं काम मला दिलं. पुढे त्या कपाटाला वाळवी लागली आणि नमुने चिठ्ठ्यांसकट गेले. उरली ती मी टाइप केलेली यादी. तिच्यात या फुलापुढे लिहिलं आहे : करहाटीजवळ, झुडपात.

आमचा एक छोटा गट आहे. सगळे हौशी. जिल्ह्यातल्या रानफुलांची यादी आम्ही करतो आहोत. गेले तीन पावसाळे आम्ही करहाटीचा डोंगर पालथा घातला होता, फूल काही दिसलं नव्हतं. बाईंना आता ऐकू कमी येतं म्हणून मी त्यांना पत्र लिहून जागेबद्दल विचारलं होतं. सोलापूरहून त्यांचं कार्ड आलं : "फूल स्पष्ट आठवतं. जागा आठवत नाही. जवळ दगडांचं कडं होतं एवढंच डोळ्यांपुढे आहे. पण तू टाइप केलं आहेस, म्हणजे बरोबरच असेल."

भाद्रपदातल्या एका शनिवारी मी अकलूजहून पहाटेची एसटी धरली. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता. टेंभुर्णी मागे पडल्यावर तो हळूहळू विरळ झाला, आणि बार्शी आली तेव्हा खिडकीबाहेर उडीद आणि सोयाबीन होतं. स्टँडवर देशमाने काका त्यांची जुनी जीप घेऊन उभे होते. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्या गटाचे प्रमुख आहेत. पुढच्या सीटवर रुकसाना होती. तिचं सोलापुरात औषधाचं दुकान आहे. शनिवारी ते भावाच्या गळ्यात टाकून ती डोंगरात येते.

"या मास्तर," ती म्हणाली. "मागं बसा. पुढची सीट बायकांसाठी राखीव आहे."

करहाटी हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. मारुतीच्या पारावर आम्ही चहा घेतला. हॉटेलवाल्याने आम्हाला ओळखलं.

"आलासा व्हय परत? घावलं का तुमचं फूल?"

"अजून नाही," काका म्हणाले.

"आमी म्हनतो, बाजारातनं एक आना आन् लावा तितं. तुमालाबी बरं, आमालाबी बरं."

चढताना काकांनी मला थोडं मागे ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, यादी या वर्षी छपाईला जाणार. हा चौथा पावसाळा. आज दिसलं नाही तर बाईंची नोंद मला काढावी लागेल. नमुना नाही, फोटो नाही. नुसत्या शब्दावर किती दिवस ठेवणार?"

मी म्हणालो, "बाई खोटं लिहिणार नाहीत."

"खोटं कोण म्हणतंय? चूक म्हणतोय. पण छापील यादीत दोन्ही सारखंच दिसतं."

बाईंच्या नावावर त्या यादीत ही एकच नोंद अशी होती, जी त्यांच्याशिवाय कोणाचीच नव्हती.

कंदीलपुष्प शोधायची रीत सांगतो. ही नाजूक वेल काटेरी झुडपाच्या आत वाढते, कारण बाहेर आली की शेळ्यामेंढ्या खातात. फूल हिरवट असतं, पानांतच मिसळून जातं. खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकत्र जुळून कंदिलासारखा आकार. चिलटं त्या कंदिलात शिरतात. नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे बाहेर पडता येत नाही. एक-दोन दिवसांनी केस सुकतात, मग सुटका. उभ्याने हे फूल दिसत नाही. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून झुडपात खालून बघावं लागतं. आमच्या गटात दोन नियम आहेत. तिघांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सापडलं म्हणायचं नाही. आणि दहापेक्षा कमी झाडं असतील तर एक पानही तोडायचं नाही.

दुपारपर्यंत आम्ही डोंगराची उत्तरेची बाजू संपवली. सोनकी होती, तेरडा होता, एका ओलसर खडकावर निळी सीतेची आसवं होती. काका वहीत नोंदी करत गेले. माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि चालताना फटफट वाजायला लागला.

"मास्तर, बुटानं राजीनामा दिला की तुमच्या," रुकसाना म्हणाली आणि तिने पिशवीतून सुतळी काढून दिली.

डोंगराच्या माथ्यावर हिवराच्या सावलीत मेंढरं बसली होती. शेजारी एक म्हातारी चूल मांडून बसली होती. नाव मायव्वा. आम्ही भाकरी आणि शेंगांची चटणी सोडली तेव्हा तिने न विचारता प्रत्येकाला वाटीभर माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं.

"काय हुडकताय सकाळधरनं? मी बगतीया, निसतं झाडाखाली डोकं घालताय. कुनाची अंगठी पडली का काय?"

काकांनी तिला मोबाइलवर फुलाचा फोटो दाखवला.

"ही व्हय. खर्पुडी. हिचा गड्डा खात्यात. आमी ल्हानपनी लई खाल्ल्या." तिने फोटो पुन्हा जवळ धरला. "न्हाय, ही जरा येगळी. हिची नळी लांब हाय. ही हितं न्हाय."

"मग कुठं आहे?"

तेवढ्यात मेंढरं उठून उताराकडे पांगायला लागली. मायव्वाने हात तोंडाशी नेऊन खाली उभ्या असलेल्या सुनेला हाक दिली, "निंगव्वा, कुरी हट्टीगे होडी."

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"मेंढरं वाड्याकडे वळव म्हणाल्या," मी सांगितलं. कुरी म्हणजे मेंढी. हट्टी म्हणजे मेंढ्यांचा वाडा, जिथे त्यांना रात्री कोंडतात.

मायव्वाने माझ्याकडे वळून पाहिलं. "कन्नड येतं व्हय तुला? कुटला तू? आमी अक्कलकोटाकडचं. पावसाळ्यात वर येताव."

"चार वर्षं बरोबर फिरतोय," रुकसाना म्हणाली, "एकदाही बोलला नाहीत, मास्तर. मी घरात दखनी बोलते ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

मायव्वाचे दोन शब्द माझ्या कानात जोडून बसले होते. कुरी, हट्टी. ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे आली. निळी शाई, बाईंचं उभं अक्षर : कुरीहट्टीजवळ, झुडपात.

ही चिठ्ठी टाइप करताना मी त्या शब्दावर थांबलो होतो, हे मला तिथे, त्या वाटीसमोर आठवलं. शब्द मला कळला होता. बाई लिहिता लिहिता कानडीत घसरल्या, जसा मी त्या खिडकीपाशी घसरलो होतो, असं मला वाटलं होतं. ही यादी पुण्याला जाणार, मोठी माणसं वाचणार, बाईंना कोणी हसायला नको. मी तालुक्याचा नकाशा उघडला, जवळपासचं नाव शोधलं, करहाटी सापडली. तीच टाइप केली. बाईंना विचारलंही नाही. आपण त्यांची लाज राखली, या समाधानात पुढची चिठ्ठी घेतली आणि नंतर हे विसरून गेलो.

मी दोघांना हे सांगितलं. काकांनी वाटी खाली ठेवली.

"म्हणजे तीन वर्षं आणि आजचा अर्धा दिवस," ते म्हणाले, "आपण तुझ्या टायपिंगमध्ये हिंडत होतो."

"व्हय," मी म्हणालो. 'हो' न येता तोंडून गावाकडचंच आलं.

"बँकेत असतास तर मेमो दिला असता." मग ते मायव्वाकडे वळले. "मावशी, दगडांचं कडं असलेला जुना वाडा आहे का कुठं इथं?"

"हाय की. माझ्या सासऱ्याचा. त्या पल्याडच्या माळाव. झरा आटला तवापासनं तितं कोन जात न्हाय." तिने काठी उचलली. "चला. पर त्या बुटानं तू यायचा न्हाईस."

मी बूट काढून हातात घेतले. मधली घळ उतरून पुन्हा चढायला तासभर लागला. माळावर कमरेएवढं गवत होतं आणि गवतात दगडांचं एक मोठं कडं, काही ठिकाणी ढासळलेलं. ते मोडकळीस आलं तेव्हापासून त्याच्या कडेने हेकळ आणि बोरीची झुडपं दाटली होती. मेंढरं येत नाहीत म्हणून खालचा पालाही शाबूत होता.

आम्ही तिघं तीन बाजूंनी गुडघ्यावर बसलो. मायव्वा दगडावर बसून तंबाखू मळत होती. मी चौथ्या की पाचव्या झुडपात खालून पाहिलं तेव्हा एक बारीक वेल दिसली, मग समोरासमोरची पानं, मग त्यांच्या बेचक्यात लांब नळीचा एक हिरवट कंदील. नळीच्या तोंडाशी एक चिलट बसलं होतं. नियमाप्रमाणे मी सापडलं म्हणालो नाही. फक्त हात वर केला.

रुकसाना आली, आडवी झाली, बघून बाजूला सरकली. काकांचे गुडघे दुखतात, त्यांना वेळ लागला. त्यांनी भिंगातून पाहिलं, नळी मोजली, वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "सापडलं."

"सांगितलं की मी," मायव्वा म्हणाली. "आता खनून काढताय का?"

"नाही मावशी. आणि तुम्हीपण नका काढू."

"मला आता दात कुटं हायत गड्डा खायाला."

एकूण सहा वेली मिळाल्या. फूल दोन वेलींवर होतं. आम्ही फोटो घेतले आणि काही न तोडता उतरलो. करहाटीत पोचलो तेव्हा हॉटेलवाल्याने भुवया उडवल्या. काका म्हणाले, "घावलं. पण तुमच्या गावात नाही." तो थोडा नाराज झाला.

जीपमध्ये काकांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "जागेचं नाव तू लिही. या वेळी जसं आहे तसं." मी लिहिलं. रुकसानाने मागे वळून अक्षर तपासलं.

बार्शीहून शेवटच्या गाडीने मी अकलूजला परतलो. गाडीत माझ्या मनात फुलापेक्षा ती चिठ्ठीच जास्त होती. शाळेत मी मुलांना सांगतो की निरीक्षण जसं दिसलं तसं लिहावं. बाईंनी ते तसंच लिहिलं होतं. त्या घसरल्या नव्हत्या. डोंगरातल्या माणसांनी त्या जागेचं जे नाव सांगितलं, ते त्यांनी उतरवलं होतं. वर्गात मात्र एखाद्या मुलाने हितं, तितं लिहिलं की मी लाल शाईने खोडतो. ते खोडू नये असं नाही, पण खोडण्याआधी त्याला विचारावं, एवढं आता मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना पाठवलेलं पत्र इथे देतो.

"तीर्थरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं फूल सापडलं. तिघांनी पाहिलं. नोंद राहिली. सोबत फोटो आहेत. फूल पाठवत नाही, कारण सहाच वेली आहेत, आणि तुम्हीही तोडू दिलं नसतंत.

दगडांचं कडं तुम्हाला बरोबर आठवत होतं. तो मेंढ्यांचा जुना वाडा आहे. तुमच्या चिठ्ठीवर 'कुरीहट्टीजवळ' असं होतं. करहाटी हे तुम्ही कधीच लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं. तुमचं कानडी लोकांना दिसू नये म्हणून मी ते बदललं आणि तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या एका शब्दामुळे तुमच्यावर तीन वर्षं शंका घेतली गेली. तुम्ही मात्र मलाच बरोबर मानत राहिलात. याची क्षमा मागतो.

छापील यादीत आता तुमचाच शब्द जाईल. शेजारी कंसात अर्थ देऊ.

आणखी एक बाकी आहे. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला होतात आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. ते तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. खरं उत्तर आज लिहितो.

दुधनियिंद बंदीन्री, बाई."