आम्लात धुतलेला तुकडा

त्यांच्याबद्दल लिहावं इतका मी त्यांना ओळखत होतो का, याची शंकाच आहे. प्रयोगशाळेतल्या एकाच खोलीत कित्येक वर्षं बसलो, पण त्यांना मुलं किती हे मला आजही सांगता येणार नाही. मी काचेच्या नळ्या बनवणारा. ते शास्त्रज्ञ, पण नोकरीत कायम न झालेले. केस अकाली पिकलेले म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणत.

अर्बियम हा दुर्मिळ मृदा धातू. थंड करत नेला की ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्व बदलतं. आजोबांच्या तुकड्यात ते पुस्तकातल्यापेक्षा बरंच खाली बदललं. विभागप्रमुख सर हरखले. शोधनिबंध तयार झाला, त्यावर सरांच्या मागे आजोबांचं नाव. त्याच्या जोरावर ते कायम होणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

आजोबांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. तुकडा स्वच्छ व्हावा म्हणून त्यांनी तो आम्लात धुतला होता. तेव्हा धातूनं हायड्रोजन पोटात घेतला असला तर? माझ्याकडून नळी करून घेऊन त्यांनी तुकडा निर्वातात तापवला. आतून वायू निघाला. पुन्हा मोजलं, तर आकडा पुस्तकातलाच.

"सर, हा धातूचा गुण नाही. शोषलेल्या हायड्रोजनचा आहे."

"हा उद्योग कुणी सांगितला होता तुला?"

"शंका आली."

"तुला चांगलं काही पचतच नाही बघ. निबंध छापायला जाणार."

"मग माझं नाव काढा."

"काढतो. पण कायम करा म्हणून माझ्या दारात यायचं नाही."

त्यांच्या बायकोला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली म्हणे, "गप्प बसायला काय जात होतं?"

निबंध छापला, सरांचा सत्कार झाला. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तोच हायड्रोजन शोधून काढला. तेव्हा सर भर सभेत म्हणाले, "नमुना धुणारा माणूस निष्काळजी निघाला." कुणी चकार शब्द काढला नाही. आजोबांची मुदत वाढली नाही. सर यथावकाश संचालक झाले.

शेवटच्या दिवशी आजोबांनी खण रिकामा केला.

"माझी खुर्ची घ्या तुम्ही. तुमची डुगडुगते."

"असू दे. सवय झालीय."

"घ्या हो. उद्या नवा माणूस आला की मिळायची नाही."

"बरं."