कोथिंबिरीवरच्या माश्या

चंदीगडमधलं भाड्याचं घर बायकोने पसंत केलं ते मागच्या अंगणातली दोन वाफ्यांची माती बघून. मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. नव्वदनंतर परदेशी कंपन्यांची कामं येऊ लागली आणि मी सकाळी गेलो की दिवेलागणीलाच घरी, असं होऊन बसलं. मुलगी दिवसभर शाळेत. बायको सांगलीची, हिंदी तिला जेमतेम यायची, पंजाबी कळायचीच नाही. शेजारणी प्रेमळ होत्या, पण त्यांच्यात बसली की ती नुसती हसायची. मातीत मात्र तिला कुणाशी बोलावं लागत नसे. मेथी, लसूण, कोथिंबीर, सगळं तिच्या हातचं. संध्याकाळी मी घरात शिरलो की ती आधी वाफ्यांची हकिगत सांगायची, मग घरातली.

एका वर्षी मेच्या सुरुवातीला तिने मागचा कूलर साफ करायला काढला. हिवाळ्यापासून बंद असलेल्या त्या पेटीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. जाळी उचलताच त्या मानेला, हाताला, ओठाला डसल्या. घसा आवळत आला, तिला श्वास घेता येईना. शेजारणीने स्कूटरवर घालून तिला दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की यांच्या शरीराला हे विष सोसत नाही. पुन्हा डंख झाला तर काय होईल सांगता येत नाही. ते तिला ऐकू गेलं होतं.

तेव्हापासून ती अंगणात गेली नाही. पाणी मी घालायचो. पुढच्या फेब्रुवारीत कोथिंबीर फुलली आणि त्या पांढऱ्या फुलांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे किडे भिरभिरू लागले. तिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मागचं दारही बंद झालं.

मुलगी तोवर अकरावीत गेली होती आणि मेडिकलच्या तयारीसाठी सेक्टर ३४ मध्ये क्लासला जायची. एका रविवारी तिने काचेच्या ग्लासात त्यातला एक किडा पकडून टेबलावर आणून ठेवला. आईशी ती हिंदीतच बोलायची. म्हणाली, “मम्मी, ये ततैया नहीं है। मक्खी है।” म्हणजे गांधीलमाशी नव्हे, साधी माशी. मग तिने सगळं समजावलं. हिला हॉवरफ्लाय म्हणतात. पंखांची एकच जोडी, डोळे घरमाशीसारखे मोठे, कंबर बारीक नाही, नांगी तर मुळीच नाही. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून गांधीलमाशीचा वेश घेतलेला, एवढंच.

बायको दारातूनच बघत होती. तिने मराठीत विचारलं, “आणि मी ओळखायला चुकले तर?”

मुलीने ग्लास बाहेर नेऊन माशी सोडून दिली.

तरी त्या दुपारी बायको बाहेर आली. मुलीचा हात धरून वाफ्यापर्यंत चालत गेली. एक माशी हवेत अधांतरी थांबली आणि तिच्या मनगटावर येऊन बसली. बायको हलली नाही. ओठ पांढरेफटक पडले होते. मुलगी हळू आवाजात धीर देत होती. माशी उडून गेली, मी आणि मुलगी हसलो. बायको आत गेली आणि न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिली. दात वाजत होते. अंगावर रजई घातली तरी थांबेनात.

संध्याकाळी म्हणाली, “डोक्याला कळतं हो. अंगाला कळत नाही. आता मला शिकवू नका.”

तिच्याच सांगण्यावरून मी कोथिंबीर उपटली. उघड्या मातीवर त्या माश्या बराच वेळ तरंगत राहिल्या. घरमालकाने नवी गाडी घेतली होती. मागे जागा मोकळी झालेली बघून त्याने ती लावायला सगळीकडे सिमेंट ओतलं. आता तिथे फूल नव्हतं, किडा नव्हता. मला वाटलं, ती निदान कपडे वाळत घालायला तरी येईल. आली नाही.

मुलीला दूरच्या शहरात कॉलेज मिळालं, मग तिकडेच नोकरी. फोनवर ती हिंदीत बोलायची, ही ‘हं’, ‘बरं’ म्हणायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती खूप झोपायला लागली. भीती हळूहळू कमी झाली असावी. एकदा गांधीलमाशी खरोखरच घरात शिरली, तेव्हा ती उठलीसुद्धा नाही. मीच धावलो. भीती गेली, पण तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

माझी नोकरी संपत आली तेव्हा मी म्हणालो, आपण सांगलीला जाऊ, तिथे तुझी माणसं आहेत, आपली भाषा आहे.

ती म्हणाली, “आता तिथं जाऊन काय बोलू?”

मी पुन्हा विचारलं नाही. आम्ही इथेच राहिलो.