सहा वाजताची गिरणी

माझी मावशी हळू बोलते असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तीस वर्षं तिने डिझेल इंजिनाच्या धडधडाटात पिठाची गिरणी चालवली. "बारीक की जाड?" हे ती अशी ओरडायची की गल्लीच्या टोकाचा न्हावी वस्तरा उचलून धरायचा.

एक दिवस तिने ठरवलं, गिरणी उन्हावर चालवायची. छपरावर पॅनेल, खाली मोटार. बँक म्हणाली, कर्ज देऊ, पण चौथा हिस्सा तुमचा. मावशीने सरळ इंजिनच विकलं.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"डिझेल भरून हातात काही उरत होतं का?" मावशी म्हणाली.

परतीचे दोर असे कापले गेले. आता बँकेचे साहेब गिरणी चालताना बघणार, मगच पॅनेलवाल्याला पैसे मिळणार. नाही चालली, तर तो पॅनेल उतरवून नेणार आणि मावशी घरी बसणार.

साहेबांनी वेळ विचारली. "गिरणी सहाला उघडते," मावशीने ठणकावून सांगितलं. आणि आम्ही एवढी शहाणी माणसं, एकालाही त्यात काही खटकलं नाही.

सकाळी सहाला अर्धी गल्ली डबे घेऊन हजर. साहेब जांभई दाबत आले. मावशीने बटण दाबलं. मोटार नुसतीच गुणगुणली. जातं तसूभरही हललं नाही. साहेबांनी फाइल उघडून लिहिलं, 'चालत नाही.'

तेवढ्यात पॅनेल बसवणारा मिस्त्री सायकलवरून आला. गर्दी बघून त्याने कपाळावर हात मारला. "अहो मावशी, सूर्य तरी वर येऊ द्या!"

साहेब जायला वळले. मावशीने त्यांची फाइल काढून घेतली, त्यांना धान्याच्या पोत्यावर बसवलं आणि हातात चहा दिला. एक चहा, दुसरा चहा. ऊन समोरच्या भिंतीवरून आमच्या छपरावर सरकताना मी इतक्या आशेने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

साडेआठला जातं फिरलं. फिरलं! काकांनी डोळे पुसले आणि डोळ्यात पीठ गेलं म्हणाले.

"साहेब, बारीक की जाड?" मावशी सवयीने ओरडली. धडधडाट नव्हताच, साहेब दचकले, चहा पँटवर सांडला. गल्ली पोट धरून हसली. साहेबांनीही हसत फाइल परत मागितली, 'चालत नाही' खोडलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सहाला मी धावतच गेले. गिरणी बंद. मावशी पायरीवर बसून चहा पीत होती. सकाळच्या या वेळी अशी निवांत बसलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती.

"ये, बस," ती म्हणाली, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "सूर्य कामावर यायला अजून वेळ आहे."